'विरळ लक्षण' नेमकं कुणासाठी विरळ? लहान मुलांतल्या जीबीएसचे केस रिपोर्ट वाचताना

मागच्या लेखात लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात कशी करायची यावर लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांनी विचारलं की, ताई, केस रिपोर्ट रिव्ह्यूत घ्यायचे की सोडून द्यायचे? पेटच्या मुलाखतीत कुणी विचारलंच तर काय सांगायचं? एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण माझा स्वतःचा याच प्रश्नावर चांगलाच मुखभंग झालेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझा विषय गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, तो आजार. बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची रचना आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइडसारखी दिसते. जिवाणूसाठी तयार झालेल्या अँटिबॉडी मग नसांनाही चिकटतात. मग एक-दोन आठवड्यांनी पायांतली ताकद जायला लागते, ती वर चढते, आणि सगळ्या वयांचे रुग्ण धरले तर साधारण पाचातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. मी प्रयोगशाळेतली आहे, डॉक्टर नाही. अँटिबॉडीच्या बाजूने या आजाराकडे आले. पण सिनॉप्सिससाठी 'लहान मुलांतली सुरुवातीची वेगळी लक्षणं' असा एक भाग लिहायचा होता, म्हणून तीसेक केस रिपोर्ट गोळा केले. सगळ्यांची शीर्षकं एकाच साच्यातली. 'अमुक लक्षणाने सुरू झालेला जीबीएस: एक विरळ उदाहरण.' कुठे फक्त पायदुखी, कुठे मान आखडलेली, कुठे मूल चालायलाच तयार नाही, कुठे आवाज बदलला, कुठे लघवी तुंबली, कुठे आधी रक्तदाब वाढून फिट आली.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. लक्षण, किती मुलांत, किती टक्के. मला तो तक्ता फार आवडला होता, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी तो पाहिला आणि टक्क्यांच्या रकान्यावर पेनाने उभी रेघ मारली. म्हणाल्या, "हे टक्के कशाचे?" मी म्हटलं, "केसेसचे." त्या म्हणाल्या, "छापून आलेल्या केसेसचे. मुलांचे नाहीत." मला तेव्हा राग आला होता. कारण पुरतं कळलं ते दोन-तीन आठवड्यांनी, आणि तेही एका फोनमुळे.

जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. पुढच्या काही आठवड्यांत आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, आणि पाण्यावर संशय गेला. माझी मावसबहीण धायरीला राहते. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा. सकाळी सातला फोन. "अगं, कालपासून चालत नाहीये. खाली ठेवलं की उचलून घे म्हणतो. पाय दुखतो म्हणतो. तू त्याच आजारावर करतेस ना? ते असेल का?"

तीस केस रिपोर्ट वाचलेली मी. त्यांतल्या निम्म्यांत पहिल्या दिवसाचं वर्णन अगदी हेच होतं. आणि मला उत्तर देता येईना.

का येईना, ते बघू. आता खरी टीका.

पहिली गोष्ट 'विरळ' या शब्दाची. पायदुखी किंवा चालायला नकार हे छोट्या मुलांतल्या जीबीएसमध्ये खरंच विरळ आहे का? रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठ रुग्णालयातल्या गटाने २०११ साली 'न्यूरॉलॉजी'मध्ये एक पेपर छापला. दोन दशकांहून अधिक काळात त्यांच्याकडे दाखल झालेली जीबीएसची सगळी मुलं त्यांनी घेतली, एकूण ५५. त्यांतली २३ सहा वर्षांखालची. या लहान गटात साधारण तीनांतल्या दोघांची सुरुवात पाय दुखणं आणि चालायला नकार अशी होती. आणि पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तीनांतल्या एकाच मुलाचं निदान बरोबर झालं. बाकीच्यांना मेंदूज्वर, खुब्याच्या सांध्याची सूज, नुसता व्हायरल अशी लेबलं लागली होती.

जे लक्षण तीनांतल्या दोघांत दिसतं ते विरळ कसं? तरी २०११ नंतरही त्याच लक्षणाचे रिपोर्ट 'विरळ' म्हणून छापून येत राहिले. मला आधी वाटलं लेखकांनी तो पेपर वाचलेला नसेल. पण कित्येकांनी तो संदर्भात दिलाय! म्हणजे वाचलाय, आणि तरी विरळ. कारण ते मुलांशी तुलना करतच नाहीत, पाठ्यपुस्तकातल्या यादीशी करतात.

मग यादी कुठून आली ते शोधत गेले, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन छापलं. (वर्तमानपत्री मराठीत गियाँ-बारेचं गुलेन-बॅरी झालं, आता तेच रूढ आहे.) पायांतली ताकद गेलेली, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, आणि पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी नाहीत. आपल्याला परीक्षेत एवढंच विचारतात. पण त्यांच्या मूळ वर्णनात मुंग्या येणं होतं, आणि स्नायू दाबल्यावर दुखणंही होतं. वेदना पहिल्या दिवसापासून त्या वर्णनात आहे!

गळली ती नंतर. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस दिल्यावर जीबीएसचे रुग्ण वाढल्याचं दिसलं, आणि 'नेमकं कुणाला जीबीएस धरायचं' हा प्रश्न आला. त्यातून १९७८ चे निकष तयार झाले. १९९० मध्ये ते सुधारले गेले: एकापेक्षा जास्त हातापायांत वाढत जाणारा अशक्तपणा आणि रिफ्लेक्स न येणं, या दोन अटी आवश्यक. २०११ चे ब्रायटन निकष आले तेही लसींच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी. दुखणं यांतल्या आवश्यक अटींत कुठेच नाही, आणि ते बरोबरच आहे. मोजणी करायची असेल तर शेकडो कारणांनी होणारं लक्षण अटीत घालून चालत नाही, नाहीतर गावातला प्रत्येक पाय दुखणारा मोजावा लागेल.

आपल्याकडे तिसरी मोजणी झाली ती पोलिओची. १९९७ पासून देशभर पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलातला अचानक आलेला लुळेपणा कळवायचा, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, साठ दिवसांनी पुन्हा बघायचं. ही व्यवस्था उत्तम चालली आणि २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. लुळेपणाच्या त्या जाळ्यात पोलिओ नसलेल्या मुलांपैकी बरीच जीबीएसची असायची. पण जाळं विणलं होतं लुळेपणासाठी. नुसतं 'उचलून घे' म्हणणारं मूल त्यातून निसटणारच, तो जाळ्याचा दोष नाही.

तर माझं म्हणणं असं आहे: हे निकष, लसवाल्यांचे काय, पोलिओवाल्यांचे काय, आजार झाल्यावर रुग्ण मोजायला केले होते. आपण ते सुरुवातीलाच आजार ओळखायला वापरतो. आणि त्यात न बसणारं मूल दिसलं की त्याला विरळ म्हणतो. विरळपणा मुलात नाही, आपल्या यादीत आहे.

त्यात चार वर्षांचं मूल बोलणार काय? मोठा माणूस सांगतो, पायाला मुंग्या येतायत, बधिर वाटतंय. मूल म्हणतं पायाला चावतंय, नाहीतर नुसतं रडतं. घरचे म्हणतात शाळा चुकवायची नाटकं. कुणी म्हणतं वाढीचं दुखणं. वाढीचं दुखणं सहसा संध्याकाळी-रात्री होतं आणि सकाळी पोरगं परत धावत असतं, एवढा फरक जरी कुणी विचारला तरी खूप झालं. दुखण्याचं कारणही साधं आहे: मणक्यातून बाहेर पडणारी नसांची मुळं सुजतात, म्हणून पाठ, मांड्या, कधी मान. मान आखडली की मेंदूज्वर वाटणार हे ओघानेच आलं.

आता दुसरी बाजू, जिथे माझा तक्ता फसला.

इरास्मसचा पेपर सांगतो की ज्यांना जीबीएस आहे अशा लहान मुलांत पायदुखीने सुरुवात किती जणांत होते. ताईचा प्रश्न उलटा होता. पायदुखी आहे, तर जीबीएस असण्याची शक्यता किती? ऐकायला दोन्ही वाक्यं सारखी वाटतात, आणि मी नेट-सेटसाठी सशर्त संभाव्यतेची गणितं ढिगाने सोडवली होती, तरी फोनवर माझी गल्लत झालीच.

कागदावर करून बघा. एका गावात एक लाख मुलं. जीबीएस मुलांमध्ये वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. आता समजा (हा आकडा माझा, फक्त हिशोबापुरता) वर्षभरात ५०० मुलं दुसऱ्याच कारणाने 'पाय दुखतो, चालत नाही' म्हणून येतात: सांध्याची सूज, पडणं, काटा, व्हायरलनंतरची स्नायूदुखी. जीबीएसवाल्यांपैकी तीनांत दोघांची सुरुवात अशी. मग पाय धरून आलेल्या मुलांत जीबीएसचं मूल साडेसातशेत एक. बहुतेक केस रिपोर्टचं शेवटचं वाक्य असतं की, चालायला नकार देणाऱ्या प्रत्येक मुलात जीबीएसचा विचार करावा. विचार करायला काहीच हरकत नाही. पण विचार म्हणजे काय करायचं? साडेसातशे मुलांच्या पाठीतलं पाणी काढायचं?

आणि काढलं तरी? पहिल्या आठवड्यात साधारण ३० ते ५० टक्के रुग्णांत पाठीतल्या पाण्यातली प्रथिनं नॉर्मलच येतात. नसांची तपासणीही फार लवकर केली तर काही सापडेलच असं नाही. म्हणजे ज्या काळात ही 'सुरुवातीची लक्षणं' असतात त्याच काळात आपल्या नेहमीच्या तपासण्या सगळ्यात आंधळ्या असतात. या गोष्टीवर रिपोर्टांत दोन ओळी तरी हव्यात. मी वाचलेल्यांत क्वचितच होत्या.

पण थांबा, धायरी. त्या महिन्यात त्या भागात 'लाखात एक' हा आकडा लागूच नव्हता. वरच्याच हिशोबात एकाच्या जागी १०० टाकून बघा, तेच मूल साडेसातशेत एकावरून आठ-नवांत एकावर येतं. पाय तोच, रडणं तेच, पत्ता बदलला की अर्थ बदलला. म्हणून मी ताईला "काही नसतं गं, मुलं करतात असं" म्हटलं असतं तर तेही चूकच ठरलं असतं. केस रिपोर्टमध्ये मूल कुठून आलं, आसपास जुलाबाची साथ होती का, अजून कुणाला असं झालं का, हे बहुतेक वेळा एका शब्दात उरकलेलं असतं.

तिसरी तक्रार सगळ्यात साधी, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी. हे रिपोर्ट शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेले असतात. निदान माहीत असतं, मग मागे जाऊन खुणा वेचल्या जातात. 'पहिल्या भेटीत तपासणीत विशेष काही आढळलं नाही' असं वाक्य येतं. याचा अर्थ काय? रिफ्लेक्स तपासले आणि आले? की रडणाऱ्या मुलावर हातोडी चालवणं जमलं नाही म्हणून तपासलेच नाहीत? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला अर्थ खरा असेल तर आपल्याला आजाराबद्दल काहीतरी नवं कळतं, की या मुलात वेदना रिफ्लेक्स जाण्याच्या आधी आली. दुसरा खरा असेल तर फक्त ओपीडीच्या गर्दीबद्दल कळतं. मी कित्येक रिपोर्टांत हे शोधलं, आणि बऱ्याच ठिकाणी सापडलं नाही. तक्त्यात मात्र मी बिनधास्त 'रिफ्लेक्स: नॉर्मल' भरून टाकलं होतं. ती चूक त्या लेखकांची नाही, माझी.

२०१३ मध्ये केस रिपोर्ट कसे लिहावेत याची 'केअर' नावाची मार्गदर्शक यादी आली, तीत घटनाक्रम तारखेनिशी द्यावा असं सांगितलंय. तेवढं जरी झालं, कितव्या दिवशी कुणी काय तपासलं, तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आता कुणी म्हणेल, मग एवढे वाईट असतात तर वाचायचेच कशाला? तसं नाही. १९१६ चा पेपर हा दोनच रुग्णांचा केस रिपोर्ट होता. १९५६ मध्ये मिलर फिशरने तीन रुग्णांवरून डोळे न हलणं, तोल जाणं आणि रिफ्लेक्स नसणं हे एकत्र मांडलं, ते आज जीबीएसचं वेगळं रूप म्हणून ओळखतात. रुग्ण कमी म्हणून काही बिघडलं नाही. १९१६ च्या त्या त्रिकुटाने रिफ्लेक्सचे आलेख काढून ठेवले होते, हे मला फार ग्रेट वाटतं. महायुद्ध चालू असताना! आणि आपण शंभर वर्षांनी 'विशेष काही नाही' लिहून मोकळे.

आणखी एक उदाहरण, मोठ्या गटाचं. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'ला उत्तर चीनमधल्या मुलांवर आणि तरुणांवर एक पेपर आला. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतल्या मुलांना लुळेपणा यायचा, पण संवेदना शाबूत, आणि नसांच्या तपासणीत वरचं आवरण नाही तर आतला तंतूच, तोही हालचालीच्या नसांचा, बिघडलेला. ही मुलं 'विरळ' म्हणून एकेक करून छापली असती तर विरळच राहिली असती. त्या गटाने एका ठिकाणची मुलं एकत्र पाहिली, सगळ्यांची तपासणी एकाच पद्धतीने केली, आणि जीबीएसचा एक वेगळा प्रकार समोर आला. याच प्रकारातल्या काही रुग्णांत रिफ्लेक्स टिकून असतात, कधी जोरातही येतात, हे पुढे दिसलं. म्हणजे 'रिफ्लेक्स गेले पाहिजेत' ही अटही सगळीकडे चालत नाही. ताईला सल्ला देताना हेही माझ्या डोक्यात होतं, आणि त्याने जीव अजूनच टांगणीला लागला.

तर फोनवर मी शेवटी काय केलं? आजाराचं नाव घेतलं नाही. चार प्रश्न विचारले. खाली बसला की हात न टेकता उठतो का? पाणी पिताना ठसका लागतो का, आवाज बदललाय का? शी-शू होतेय का? मागच्या पंधरा दिवसांत जुलाब झाले होते का? जुलाब झाले होते. उठायला लावलं तर रडत होता, म्हणजे ताकद नाही की दुखतंय हे फोनवरून कळणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "आत्ता जा, संध्याकाळची वाट बघू नको. आणि डॉक्टरांना म्हण, दोन्ही पायांचे रिफ्लेक्स बघा, घोट्याचेसुद्धा."

बालरोगतज्ज्ञांनी मुलाला ताईच्या मांडीवर बसवून, मोबाइलवर कार्टून लावून, निवांतपणे रिफ्लेक्स पाहिले. दोन्हीकडे छान आले. उजवा पाय खुब्यात फिरवला की किंचाळत होता. सोनोग्राफीत खुब्याच्या सांध्यात थोडं पाणी. व्हायरलनंतर येणारी सांध्याची सूज, जी आपोआप बरी होते. म्हणजे इरास्मसच्या पेपरात जे चुकीचं निदान म्हणून नोंदलंय, ते इथे बरोबर निदान होतं. पण डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. म्हणाले, "परवा परत आणा, आज आलेले रिफ्लेक्स परवा येतात का बघू. मधे पाय लटका वाटला, ठसका लागला तर रात्री दोनलासुद्धा या." परवाही आले. आठवड्याने पोरगं जिन्यावरून उड्या मारत होतं.

ही दोन दिवसांनी परत बघण्याची गोष्ट माझ्या तीस रिपोर्टांपैकी एकाच्याही 'निष्कर्षां'त नव्हती. जीबीएस असता तर इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं, म्हणजे दोन दिवस थांबायला जागा होती, दोन आठवडे थांबायला नव्हती.

तर प्रश्न होता, केस रिपोर्ट रिव्ह्यूत घ्यायचे का. मी घेतलेत. टक्क्यांचा रकाना काढला. त्याजागी तीन नवे रकाने आहेत: लक्षण कितव्या दिवशी, रिफ्लेक्स त्या दिवशी तपासले होते का (हो, नाही, लिहिलेलं नाही), आणि मूल कुठल्या भागातून आलं. मधल्या रकान्यात 'लिहिलेलं नाही' इतक्या वेळा आलंय की मॅडम म्हणाल्या, हाच तुझ्या त्या भागाचा मुद्दा कर. सध्या तेच लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी फिजिओथेरपी किंवा नर्सिंगच्या बाजूने संशोधनात येणार असेल आणि रडणाऱ्या मुलाचे रिफ्लेक्स कसे काढतात हे नीट माहीत असेल, तर खाली लिहा. कार्टूनची युक्ती मी टिपून ठेवलीच आहे.